सुटली म्हण

दारावर बत्तीस बेल होत्या, प्रत्येकीपुढं एकेक नाव होतं, आणि त्या बत्तिसांत बंडूकाका कुणीच नव्हतं.

दोन हजार नऊ सालचा जून, बुधवार, सकाळचे नऊ. गाव बर्नो, चेक लोकांचं, व्हिएन्नापासून बसनं दोन तासांवर. पाठीवर सॅक, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर रस्ता बरोबर, घराचा नंबर बरोबर. मजला नाही, माणसाचं नाव नाही. आईनं फोनवर पत्ता सांगितला तेव्हा मी विचारलं होतं, "काकांचं खरं नाव काय गं?" तर म्हणाली, "बंडूभावजी म्हण की. कुणीही सांगेल."

आमच्या इचलकरंजीत सांगितलं असतं हो कुणीही. इथं एक आजोबा कुत्रं घेऊन बाहेर पडले, त्यांना मी "बंडू? इंडियन?" असं विचारून बघितलं, तर त्यांनी कुत्र्याला जवळ ओढलं. मलाच माझी लाज वाटली. बाबांचे बालमित्र, दर तीन-चार वर्षांनी आमच्या घरी येणारे, माझ्यासाठी काचेचे मणी आणणारे. जन्मापासून ओळखते त्या माणसाला, आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याच्या दारात उभी राहून मला त्याचं नाव ठाऊक नाही! फोन करून बघितला, लागेना. शेवटी घरी करतात तेच केलं. रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि बोंबलले.

"बंडूकाका! ओ बंडूकाका!"

चार खिडक्या उघडल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पांढऱ्या केसांची एक गोरीपान बाई खाली वाकली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "ओरडू नको की! वर ये."

या वेराकाकू. काकांशी लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या वर्षांत त्या मराठी शिकल्या त्या काकांच्या तोंडून आणि इचलकरंजीच्या चार फेऱ्यांत. त्यामुळं त्यांच्या मराठीत 'कृपया' नव्हतं, 'की' मात्र जागोजाग होतं.

"काका कुठायत?"

"तुला आणायला गेला की. स्टेशनवर. पहाटेपासून."

"पण मी बसनं आले!"

"मी पण सांगितलं त्याला. ऐकतोय व्हय?"

अर्ध्या तासानं बंडूकाका आले. काखेत पुठ्ठा, पुठ्ठ्यावर ठळक देवनागरीत 'हेमांगी श्रीपाद लाटकर'. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

"आलीस व्हय गं? मी तीन गाड्या बघितल्या. त्यात एक बंगाली पोरगी उतरली, तिला म्हटलं हेमू का, तर घाबरूनच गेली बिचारी." मला त्यांनी जवळ घेतलं आणि जरा जास्तच वेळ सोडलं नाही. मी आपलं समजले, माहेरचं माणूस बघून गहिवरलेत.

"काका, आधी तुमचं नाव सांगा. दारावर कुठलं?"

"मगदूम. जिनगोंडा मगदूम. का गं?"

मी कपाळाला हात लावला. वेराकाकू हसून हसून खुर्चीत बसल्या.

माझ्या या फिरतीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत माझा साखरपुडा झाला आणि एप्रिलमध्ये मी तो मोडला. मुलगा बाबांचा विद्यार्थी. बाबा गणिताचे शिक्षक, सगळ्या गावात शब्दाला मान असलेला माणूस, आणि स्थळ त्यांनीच आणलेलं. मुलगा वाईट नव्हता. मला नको होता, एवढंच. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि मिटलं असतं. त्यांनी बोलणंच टाकलं. घरात समोरासमोर बसून आईला सांगायचे, "तिला विचार, चहा घेणार का." मीही काही कमी नाही. "त्यांना सांग, घेणार." मधे आई, तारघरासारखी.

व्हिसा आधीच काढलेला होता, रजा होती, तीन वर्षं या फिरतीची स्वप्नं बघितली होती. मे महिन्यात सॅक उचलली आणि निघाले. निघताना बाबा आतल्या खोलीत वह्या तपासत बसले होते. सुट्टीत कसल्या वह्या? मी दारातून म्हटलं, "आई, त्यांना सांग, मी निघाले." आतून पान उलटल्याचा आवाज आला. बस्स. त्यानंतर पंचवीस दिवस मी आईला फोन करत होते, बाबांशी एक अक्षर नाही. बर्नोनंतर तीन आठवडे बाकी होते: बुडापेस्ट, मग खाली समुद्राकडं, शेवटी लिस्बन. बावीस जूनला लिस्बनहून परतीचं विमान.

दहाच्या सुमाराला काका म्हणाले, "चल, तुला एक गंमत दाखवतो."

आम्ही टेकडीवरच्या जुन्या चर्चपाशी गेलो. खाली लाल कौलांचं गाव, ट्रामच्या घंटा. बाकावर बसलो. काकांनी पिशवीतून वेराकाकूंनी दिलेले पाव काढले, आत मिरचीचा ठेचा लावलेला. ठेचा बघून मला भरूनच आलं.

"तुझा बाप काय म्हणतोय?"

"आईला विचारा."

"अजून चाललंय व्हय ते? शहाणी माणसं तुम्ही."

"काका, प्लीज. मी इथं त्याबद्दल बोलायला आले नाही. त्यांना बोलायचं नाही, मलाही बोलायचं नाही. फिट्टंफाट."

"फोन कर की एक."

"त्यांनी करावा."

"त्याच्याकडं तुझा नंबर कुठाय?"

"आईकडं आहे ना!" मी इतकी तडकून बोलले की शेजारची कबुतरं उडाली. काका पावाचे तुकडे करत राहिले, पण खात मात्र नव्हते.

मग एकदम वरच्या घंटा वाजायला लागल्या. मी मोजल्या. बारा. घड्याळात बघितलं तर अकरा.

"काका, यांचं घड्याळ पुढं आहे."

"नाही. ते मुद्दाम वाजवतात. रोज. तीच तर गंमत." त्यांचा चेहरा जरा खुलला. "साडेतीनशे वर्षांपूर्वी स्वीडनच्या सैन्यानं या गावाला वेढा घातला होता. सेनापती म्हणाला, दुपारी बारापर्यंत गाव हाती आलं तर आलं, नाहीतर उठून जाणार. साडेदहा वाजले, गाव पडायच्या बेताला आलं. तेव्हा घंटा वाजवणाऱ्यानं काय केलं? अकरालाच बाराचे टोल दिले. सैन्य गेलं निघून. अशी आपली गोष्ट सांगतात. म्हणून इथं अजून अकराला बारा वाजतात."

"आपल्याकडं बारा वाजले म्हणजे वाट लागली."

"आणि इथं बारा वाजले म्हणून गाव वाचलं!" ते मोठ्यानं हसले. मग लगेच गंभीर झाले. "खोटं बोलला गं तो. पण वेळेआधी बोलला."

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "बाबा शाळेत कसे होते?"

"श्रीपाद? शपथा घालण्यात पटाईत. आठवीत आम्ही दोघांनी मास्तरांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल काढला आणि त्याचा फुटबॉल खेळलो. पृथ्वी गेली विहिरीत. तुझ्या बापानं गळ्याला चिमटा घेतला आणि मला म्हणाला, बंड्या, माझ्या गळ्याची शपथ, कुणाला सांगायचं नाही. आता ही शपथ मोडली तर ज्याची शपथ त्याचं बरंवाईट होतं. माहिताय ना?"

"माहिताय. आणि त्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय सुटत नाही."

"हां! दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला पकडलं. आणि तुझ्या बापाला झालं गालगुंड! चार दिवस मी छड्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी तुमच्या खिडकीखाली जाऊन ओरडलो, श्रीपाद, सुटली म्हण! तर हा खिडकीत उभा, गाल हे एवढे, तोंड उघडेना. पाटीवर लिहून दाखवली, 'सुटली'. मी म्हटलं, लिहून चालत नाही. तोंडानंच म्हणायला पाहिजे."

"मग?"

"मग काय! शेवटी विहीर उपसली, पृथ्वी सापडली. पण त्यानं तोंडानं ती कधी म्हटलीच नाही. अजून राहिलीय."

"तुम्ही इंजिनियर आहात ना काका? कापडाचे माग बनवता ना?"

"मागाला शपथ घालत नाही गं कुणी," काका म्हणाले.

दुपारी वेराकाकूंनी कणकेचे उकडलेले उंडे आणि त्यावर चक्क आमटी वाढली. मी तीन वेळा घेतली. जेवण झाल्यावर काका म्हणाले, "पासपोर्ट दे तुझा. इथं पाहुण्याची पोलिसात नोंद करावी लागते."

पासपोर्ट घेऊन ते खिडकीपाशी गेले. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. व्हिसाच्या पानावर बोट ठेवून ते बराच वेळ उभे होते. वेराकाकू ताटं उचलता उचलता थांबल्या आणि चेकमध्ये काहीतरी म्हणाल्या. काकांनी एका शब्दात उत्तर दिलं, पण पाठ वळवूनच.

"हेमे," ते म्हणाले, "तू परत कधी जाणार म्हणालीस?"

"बावीसला."

"अगं वेडे, तुझा व्हिसा तर परवा संपतोय."

"काहीतरीच काय! पंचेचाळीस दिवस आहेत. मी दहा मेला आले."

"आलीस दहाला. पण व्हिसा सुरू कधी झालाय? बघ. बावीस एप्रिल. दिवस त्या तारखेपासून मोजतात. एप्रिलचे नऊ, मेचे एकतीस, झाले चाळीस. आणि पाच." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "पाच जून. शुक्रवार."

"एजंट म्हणाला होता, आत शिरल्यापासून मोजतात!"

"एजंट काय बोलतोय! सदतीस वर्षं इथं मी राहतोय की तो?"

"पण मग... वकिलातीत फोन करून विचारू का?"

"कर की. नाव-गाव सांग, राहते कुठं ते सांग, म्हणजे न्यायला येतील." आवाज त्यांनी चढवला होता. बंडूकाका आवाज चढवतात हेच मला नवं होतं. "पुढच्या वेळी व्हिसाच मिळणार नाही, कळतंय का? उद्या व्हिएन्नाहून निघ. तिकिटाचं माझ्यावर सोड."

मी रडले. खोटं कशाला बोलू, भोकाड पसरलं. बुडापेस्ट गेलं, समुद्र गेला, लिस्बन गेलं. तीन वर्षांची स्वप्नं आणि मला साध्या तारखा वाचता येत नाहीत! गणिताच्या मास्तरांची मुलगी! एजंटाला, व्हिसाला, सगळ्या युरोपाला शिव्या घातल्या. वेराकाकू पाठीवरून हात फिरवत होत्या. काका टेलिफोनपाशी बसून विमान कंपनीशी बोलत होते, माझ्याकडं एकदाही न बघता. त्या वेळी मला त्यांचा रागच आला होता. म्हटलं, हा माणूस पासपोर्ट बघायला गेला नसता तर मला कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसला सोडायला दोघंही आले. वेराकाकूंनी डबा दिला. काका बसच्या पायरीशी उभे राहिले.

"श्रीपादला एक निरोप सांगशील?"

"आईला सांगते, ती त्यांना सांगेल."

"नाही. तू सांगायचा. तुझ्या तोंडानं." त्यांनी माझं मनगट धरलं. "म्हणावं, बंड्यानं सांगितलंय, सुटली म्हण."

"पृथ्वीगोलाची?"

"तीच," काका म्हणाले. "जुनी आहे, राहून गेलीय."

शनिवारी सकाळी घरी पोचले. आधी कळवलं नव्हतं. रागाच्या भरात फोनही केला नव्हता. दार उघडंच होतं. आई बाजारात गेलेली. बाबा पुढच्या खोलीत खुर्चीत बसलेले. महिन्याभरात इतके वाळले होते की शर्टात दुसराच कुणी बसल्यासारखे वाटले. माझ्याकडं बघितलं आणि सवयीनं मान आत वळवून म्हणाले, "अगं, तिला विचार, जेवलीय का."

आत कुणी नव्हतंच. घरात आम्ही दोघंच. बाबा थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसले. मग माझ्याकडं वळले.

"जेवलीस?"

"नाही," मी म्हटलं, आणि सॅक तिथंच टाकून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

तेव्हा कळलं. सोमवारी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. मी निघायच्या आधीपासून त्रास होता. डॉक्टरांनी मेच्या शेवटी सांगितलं, थांबू नका. आईला त्यांनी बजावलं होतं, तिला कळता कामा नये, तिची फिरती मोडायची नाही. मी चिडले, रडले, परत चिडले. "आणि समजा मी आलेच नसते तर?"

"आलीस ना? कशी आलीस पण?"

मी व्हिसाची कर्मकथा सांगितली. बाबा म्हणाले, "बघू." पासपोर्ट घेतला, पान उघडलं. बोटांवर मोजलं. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. माझ्या वहीत चूक सापडली की ते असेच डोळे बारीक करायचे, म्हणून मी घाबरून विचारलं, "का हो? चुकलंय का काही?"

"नाही," बाबा म्हणाले. "बंड्याचं गणित बरोबर आहे. अगदी बरोबर मोजलंय." आणि पासपोर्ट मिटून त्यांनी उगाचच कपड्यानं पुसला.

"काकांना माहीत होतं का तुमचं?"

"त्याला कशाला सांगू? तो बसलाय सातासमुद्रापार."

"बरं, त्यांचा निरोप आहे. सुटली म्हण, म्हणालेत. पृथ्वीगोलाची राहिलीय म्हणे."

बाबा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी पाणी आणलं. "म्हणावं, इतक्यात नाही," ते म्हणाले. "सोमवार जाऊ दे. मंगळवारी मी स्वतः फोन करतो. तोंडानंच म्हणतो."

ते दोन दिवस मला मिळाले. काही मोठं घडलं नाही त्यांत. त्यांनी युरोपचा नकाशा मागितला आणि मी कुठून कुठं गेले ते पेन्सिलीनं रेघ ओढून बघितलं. वेराकाकूंच्या डब्यातला केक खाल्ला, "गोड कमी आहे" म्हणाले. रविवारी संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर स्वतःहून म्हणाले, "तो मुलगा तुला नको होता, तर नको होता. मला राग त्याचा नव्हता. तू मला आधी सांगितलं नाहीस, आईला सांगितलंस, त्याचा होता." मी म्हटलं, "मला तुमची भीती वाटली." ते म्हणाले, "माझी? वेडी का काय!" आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. एवढंच. पण सोमवारी मी दवाखान्यात त्यांचा हात धरून चालत गेले, आतल्या दारापर्यंत.

बाबा त्या ऑपरेशनमधून उठले नाहीत.

तेराव्यापर्यंत काकांचे रोज फोन येत होते. पहिल्या दिवशी त्यांना बोलवतच नव्हतं. शेवटी कसंबसं विचारलं, "माझा निरोप सांगितलास?"

"सांगितला काका. मंगळवारी फोन करून स्वतः म्हणतो म्हणाले."

काका म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

पुढं माझं लग्न झालं, पुण्यात संसार सुरू झाला. वेराकाकू गेल्या. काका नंतर इकडं आलेच नाहीत. दिवाळीला फोन, वाढदिवसाला फोन. प्रत्येक फोनमध्ये एक क्षण असा यायचा, की ते काहीतरी बोलणार असं वाटायचं, आणि मग म्हणायचे, "बरं, ठेवतो." मला वाटायचं, वय झालं. आणि मी? मी नशिबाचे आभार मानत होते. चुकून संपलेल्या व्हिसाचे! परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला पुढं होऊन सांगायचे, "दिवस व्हिसाच्या तारखेपासून मोजतात बरं का. माझं काय झालं होतं ऐका."

चौदा वर्षं मी हे ज्ञान वाटलं. मागच्या वर्षी आम्ही दोघांनी फ्रान्सला जायचं ठरवलं. पराग, माझा नवरा, कागद घेऊन बसला होता. मी त्यालाही ऐकवलं.

"नाही गं," तो म्हणाला. "दिवस प्रवेश केल्यापासून मोजतात."

"मला शिकवू नकोस. मी भोगलंय."

"हे बघ ना. स्पष्ट लिहिलंय."

"नियम बदलला असेल."

"तुझा जुना पासपोर्ट काढ. त्यावरच असेल."

कपाटाच्या तळातून पासपोर्ट काढला. पान उघडलं. बावीस एप्रिलपासून वीस जुलैपर्यंत वैध, मुक्काम पंचेचाळीस दिवस. प्रवेशाचा शिक्का दहा मे. मी खुर्चीत बसून बोटांवर मोजलं. मेचे बावीस, जूनचे तेवीस. तेवीस जून. माझं विमान बावीसचं होतं. एजंट बरोबर होता. मी बरोबर होते. सदतीस वर्षं तिथं राहणारा माणूस चुकला होता.

बंडूकाका? तारखेत?

आणि मग बाबा आठवले. गणिताचे मास्तर, बोटांवर दोनदा मोजणारे. अगदी बरोबर मोजलंय, म्हणालेले. अकराला वाजणाऱ्या बारा घंटा आठवल्या, ठेच्याचा न खाल्लेला पाव आठवला. पराग विचारत होता, काय झालं, काय झालं, आणि मी फोन शोधत होते.

"काका, मी हेमू. एक विचारू? पंचेचाळीस दिवस कधीपासून मोजतात हो?"

पलीकडं खुर्ची करकरली. सत्तरी ओलांडलेला माणूस हळूहळू खाली बसत होता.

"कशाला गं आता?"

"सांगा की."

"मी काही बोललो नाही हं, हेमे," ते घाईघाईनं म्हणाले. "एक अक्षर बोललो नाही. त्यानं गळ्याची शपथ घातली होती, हेमूला सांगायचं नाही. ऑपरेशनला जाणारा माणूस स्वतःची शपथ घालतो, आणि मी मोडू? मी नुसतं... तारीख चुकलो."

"माहिताय काका. तुम्ही नुसती घंटा वाजवलीत."

ते रडत होते. मला ऐकू येत होतं.

"मोडली का गं मी? चौदा वर्षं मला झोप नाही. तोंडानं नाही बोललो, पण करणीनं सांगितलंच की. आणि तो गेला. वेरा म्हणायची, असं काही नसतं, तू इंजिनियर. मलाही कळतं, नसतं. पण रात्री नाही कळत."

चौदा वर्षं मी ज्याचे आभार मानायला हवे होते, तो माणूस तिकडं एकटा स्वतःला गुन्हेगार समजत बसला होता, आणि मी व्हिसाचे आभार मानत होते!

"काका, ऐका नीट. बाबांनी पासपोर्ट बघितला होता. शनिवारीच. बोटांवर दोनदा मोजलं, आणि म्हणाले, बंड्याचं गणित बरोबर आहे. अगदी बरोबर मोजलंय."

"काय म्हणाला?"

"बरोबर आहे म्हणाले. तुमचा निरोप सांगितला तर हसले. खोकला येईपर्यंत हसले. त्यांना सगळं कळलं होतं काका. रागावले नव्हते."

"हसला व्हय?"

"पोट धरून."

काका अगदी हळू म्हणाले, "शपथ घातली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, 'पण तिला एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं रे.' आता सांग, त्यावर मी काय करायचं होतं?"

मला रडू आवरेना. तसंच रडत म्हटलं, "तुम्ही केलंत तेच. मला माझा बाप मिळाला काका, दोन दिवस. तुमच्यामुळं. हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

"अगं, तुला ठाऊकच नव्हतं तर सांगणार काय?"

"आता सांगते. आणि बाबांचं राहिलेलं तेही म्हणते. मुलगी आहे त्यांची, माझं चालेल ना?"

"तोंडानं म्हणायला पाहिजे."

"तोंडानंच म्हणते. सुटली."

"मोठ्यानं म्हण गं. हल्ली ऐकू कमी येतंय."

मी उठले, खिडकीशी गेले आणि बर्नोच्या रस्त्यावर ओरडले होते तशी ओरडले. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"सुटली, बंडूकाका! सुटली!"